क्लाउडचे खाते कोणाच्या नावावर, ते आधी विचारा

महोदय,

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायच्या असतात. पतसंस्थांच्या विषयपत्रिकेवर अलीकडे ‘सॉफ्टवेअर क्लाउडवर नेणे’, म्हणजे ते इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालवणे, हा विषय वरचेवर दिसतो. तीन कोटेशने येतात, महिन्याचे भाडे ज्याचे कमी त्याला काम मिळते. कोटेशनमध्ये जे छापलेले नसते, त्यासाठी हे पत्र.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न खात्याच्या मालकीचा. पुष्कळदा क्लाउडचे खाते सॉफ्टवेअरवाल्याच्या ईमेलवर उघडलेले असते आणि त्याच एका खात्यात अनेक संस्थांचे सर्व्हर चालतात. त्याने बिल थकवले किंवा त्याच्याशी वाद झाला, की ठेवीदारांचा डेटा अडकतो. त्याच्याकडे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरले तर सगळेच एकदम बंद. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडले आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांना त्याची झळ बसली. म्हणून मूळ खाते संस्थेच्या पॅनवर आणि संस्थेच्या ईमेलवर उघडावे. रूट म्हणजे सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड आणि लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्याची हार्डवेअर की (पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण) तिजोरीत असावी. व्हेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याला, मर्यादित अधिकारांचे वेगळे लॉगिन पुरते. सॉफ्टवेअरच भाड्याने घ्यायचे असेल, तर सर्व्हर व्हेंडरचाच राहणार. लहान संस्थेला तेच सोयीचेही आहे. पण मग रोज रात्री पूर्ण डेटाबेसची प्रत संस्थेच्या स्वतःच्या स्टोरेजमध्ये उतरली पाहिजे, अशी अट करारात हवी.

बॅकअपच्या बाबतीत फसगत जास्त होते. ‘रोज स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेतो’ असे सांगितले जाते, पण तो त्याच खात्यात, त्याच शहरात असतो. खाते ज्याच्या हाती लागले तो स्नॅपशॉटही पुसतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचे सगळेच गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणाऱ्या यंत्रणेची बाहेर प्रतच नव्हती, ८५८ टेराबाइट डेटा गेला. उलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे क्लाउडवरील सर्व्हर गुगलकडून चुकून पुसले गेले. त्यांचा बॅकअप दुसऱ्या कंपनीकडेही होता, तो कामी आला.

आपल्याकडे हे अवघड नाही. ॲमेझॉनची केंद्रे मुंबई आणि हैदराबाद येथे आहेत, मायक्रोसॉफ्टची पुणे आणि चेन्नईत. सर्व्हर एका शहरात, बॅकअप दुसऱ्या शहरात, वेगळ्या खात्यात, आणि ३० दिवस कोणालाच पुसता येणार नाही असे कुलूप लावून ठेवावा. दर तिमाहीला तो नव्या सर्व्हरवर उतरवून त्या दिवसाची तेरीज जुळते का, ते पाहावे. जुळली नाही तर तो बॅकअप नव्हे. वेळेचा हिशेबही आधीच करावा: १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी १ टेराबाइट उतरायला २२ तास लागतात.

स्वतःचा सर्व्हर घेताना सर्वांत स्वस्त, ‘बर्स्टेबल’ प्रकारचा सर्व्हर बहुधा सुचवला जातो. तो कमी कामाच्या वेळी क्रेडिट साठवतो आणि गर्दीत खर्च करतो. एरवी ठीक, पण ३१ मार्चला सर्व शाखांची व्याज आकारणी चालू असताना क्रेडिट संपले की तो रांगू लागतो, किंवा जादा बिल लावतो. डेटाबेससाठी तो घेऊ नये. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने (दुरून त्याचा पडदा आपल्या संगणकावर उघडून) टॅली चालवायचे असेल, तर फक्त देखभालीसाठी दोन जणांना विनाशुल्क प्रवेश असतो. कर्मचाऱ्यांसाठी माणशी वेगळा परवाना लागतो. स्वस्त कोटेशनमध्ये नेमका तोच नसतो. आणि ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे दार, इंटरनेटला उघडे ठेवणे म्हणजे चोराला आवतण. व्हीपीएनशिवाय (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीशिवाय) रिमोट डेस्कटॉप नकोच.

‘९९.९ टक्के उपलब्धता’ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. भरपाई म्हणून बिलात थोडी सूट मिळते, बुडालेल्या कामाचे पैसे नाहीत. शिवाय जाहिरातीतले ९९.९९ टक्के बहुधा दोन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरांत) सर्व्हर ठेवले तरच लागू होतात. बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा. सर्व्हर बंद केला तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. डेटा बाहेर काढायलाही जीबीमागे पैसे पडतात, म्हणून व्हेंडर बदलताना तो खर्च कोणी सोसायचा ते आधीच लिहून घ्यावे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेतील नोंदी) १८० दिवस ठेवणे आणि सायबर घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी कोणाची, तेही करारात यावे.

राहता राहिली शाखेतली लाइन. ती तुटली की क्लाउड कितीही चांगला असो, काउंटर बंद. प्रत्येक शाखेत दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन असाव्यात, त्यातली एक मोबाइल नेटवर्कवरची. दोन्ही फायबर घेतल्या असतील, तर त्या एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे शाखाधिकाऱ्याने बाहेर जाऊन पाहावे.

– एक संगणक सल्लागार, सांगली