टेबलमधून घेतलेला आकडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या शिक्षण पुरवणीतला मुख्य लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा अशासाठी की, पहिल्यांदा आपलीच काही चूक झाली असावी असं वाटलं. औद्योगिक अभियांत्रिकीच्या मुलांचं सांख्यिकी आणि गुणवत्ता नियंत्रणाचं प्रॅक्टिकल गुंडाळून ते तास डेटा सायन्सला देणार, याचं लेखकमहाशयांना केवढं कौतुक! हाताने कंट्रोल चार्ट (मशीन ताळ्यावर आहे की नाही ते दाखवणारा आलेख) काढण्याचे दिवस गेले म्हणे, सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये काढून देतं. देतं ना. चुकीचा चार्टही तेवढ्याच वेगात देतं, वर रंगीत.

मी एकतीस वर्षं गुणवत्ता विभागात काढली. एक नवीन रुजू झालेला मुलगा आमच्याकडे होता. या विषयात ऐंशीच्या वर मार्क, बोलायला चुणचुणीत, सॉफ्टवेअरवर हात बसलेला. त्याच्याकडे शाफ्टचं एक लेथ सोपवलं. व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दर तासाला लागोपाठचे पाच नग मोजायचे, सरासरी आणि रेंज, म्हणजे पाचांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक, चार्टवर मांडायची. रेंजची सरासरी १२ मायक्रॉन येत होती. तिला ०.५७७ ने गुणलं की सरासरीच्या चार्टच्या मर्यादेच्या रेषा मिळतात (ठिपका बाहेर गेला की मशीन तपासायचं), मध्यापासून वर-खाली जेमतेम ७ मायक्रॉनवर. या पठ्ठ्याने त्या मारल्या २० वर. का? तर ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तेवढाच आहे.

अहो, ड्रॉइंग सांगतं गिऱ्हाइकाला काय हवंय. चार्टच्या रेषा सांगतात मशीन काय करतंय. शिवाय ड्रॉइंगची मर्यादा एकेका नगाला आणि चार्टवरचा ठिपका पाच नगांच्या सरासरीचा. दोन्हींची गाठ मारायची नसते, हे या विषयातलं पहिल्या आठवड्याचं ज्ञान.

पुढे व्हायचं तेच झालं. लेथच्या कापणाऱ्या हत्याराची टिप झिजत गेली तसा व्यास वाढत गेला. सरासरी मध्यापासून १५ मायक्रॉन वर सरकली तरी ठिपके आपले रेषांच्या आत, सगळं हिरवंगार. सरासरी तिथे असताना साधारण सहातला एक नग टॉलरन्सबाहेर जातो. (ज्यांना पडताळायचंय त्यांनी १२ ला २.३२६ ने भागावं, सिग्मा, म्हणजे नगांच्या पसाऱ्याचं माप, मिळेल, पुढचं नॉर्मल वितरणाच्या कोष्टकात आहे.) असेंब्लीत बेअरिंग चढेना तेव्हा आम्हाला जाग आली. दोन शिफ्टचा माल परत आणून रात्रभर एकेक नग मायक्रोमीटरमध्ये धरत बसलो. लेथवरचा ऑपरेटर जुना माणूस. नग फडक्याने पुसून माझ्या हातात देता देता म्हणाला, ‘‘साहेब, टिप गेलीय हे मला आवाजावरनं दुपारीच कळलं होतं. पण तुमचा कागद ओके म्हणत होता. मग मी कशाला तोंड उघडू?’’

आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. त्या कागदावर तपासणाऱ्याची सही माझी होती. ठिपके आत आहेत एवढं बघून ठोकली होती. रेषा कुठे आहेत ते पाहिलंच नाही.

सकाळी त्या मुलाला विचारलं, ०.५७७ हा आकडा येतो कुठून? तो म्हणाला, ‘‘सर, तो टेबलमधून घ्यायचा असतो.’’ मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच शिकवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने उलटं टोक गाठलं. प्रत्येक नग मोजायचा आणि जेवढा फरक असेल तेवढा ऑफसेट, म्हणजे हत्याराची जुळवणी, उलट्या बाजूला फिरवायचा. मशीन जागेवर असताना असं केलं की व्हेरिअन्स (पसाऱ्याच्या मापाचा वर्ग) दुप्पट होतो, म्हणजे पसारा चाळीस टक्क्यांनी वाढतो. गुणवत्तेचे गुरू डेमिंग आपल्या वर्गात फनेलमधून गोटी सोडून हेच दाखवत. प्रयोगाला लागतं काय? एक फनेल, एक गोटी आणि अर्धा तास. तो अर्धा तास अभ्यासक्रमात नाही.

आहे त्या प्रॅक्टिकलचंही मी कौतुक करणार नाही. एकदा बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. समोर जर्नलांचा गठ्ठा, प्रत्येकात पंचवीस नमुन्यांचे तेच ते आकडे. एका जागी दशांश चिन्ह चुकलं होतं, तेसुद्धा सगळ्यांचं एकाच जागी. मोजलं कशाने, असं एका मुलीला विचारलं. ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘‘सर, मोजलं नाही, दिलं होतं.’’ म्हणजे प्रॅक्टिकल बंद करण्याआधी ते एकदा सुरू करून बघायला काय हरकत आहे?

लेखात ‘शंभर वर्षांपूर्वीचं तंत्र’ असा टोमणाही आहे. बरोबर, कंट्रोल चार्टचे जनक वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या साहेबाला चार्टचं टिपण दिलं ते १६ मे १९२४ ला. जेमतेम पानभर होतं, त्यातही चित्राने बरीच जागा खाल्लेली. पण त्याच माणसाने पुढे भांड्यात आकडे लिहिलेल्या चकत्या घातल्या; एक काढायची, आकडा लिहायचा, परत टाकायची, असं चार हजार वेळा केलं. निव्वळ योगायोगाने आकडे किती हलतात हे डोळ्यांनी पाहायला. आमच्या मुलांना चारशे वेळा करायला लावा. मग खुशाल डेटा सायन्स शिकवा, मी टाळ्या वाजवीन. त्या क्लिकवाल्या सॉफ्टवेअरलाही रेषांसाठी कोणते आकडे घ्यायचे ते कोणीतरी सांगावंच लागतं.

जाता जाता, त्याच लेखाशेजारी आपण उत्तीर्णांच्या टक्केवारीचा आलेख छापलाय. ८४ चा खांब आणि ८८ चा खांब. दुसरा पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट उंच! भिंग घेऊन पाहिलं, अक्ष ८० पासून सुरू होतो. सांख्यिकीवरच्या लेखाला असं चित्र लावायचं म्हणजे कमाल आहे. आपल्या कार्यालयात पट्टी असेलच.

मागच्या वेळी माझ्या पत्राचा मधला भाग जागेअभावी गेला होता. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर शूहार्ट गेले तरी चालतील. ऑपरेटरचं बोलणं आणि माझ्या सहीचा मजकूर तेवढा ठेवा.

आपला,
गुणवत्ता विभागातून निवृत्त झालेला एक वाचक