मदतनीस बाईंची शिक्षिका होण्याची वाट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, जी बाई इतकी वर्षे वर्गात मदतनीस म्हणून अपंग मुलांना सांभाळते, तिला शिक्षिका व्हायला अडवते कोण, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या आमच्या आडगावी अशा मुलांचे विशेष शिक्षक सहसा बाहेरून येत नाहीत, आणि आले तरी लवकरच शहराची वाट धरतात. टिकतात त्या इथल्याच मदतनीस बाया. माझ्या वर्गातल्या बाई सकाळी शाळेची बस चालवतात आणि मग दिवसभर एका न बोलणाऱ्या मुलासोबत असतात. घंटा व्हायच्या क्षणभर आधी त्या त्याच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवतात, म्हणून त्याचा पुढचा तास सुरळीत जातो. तरीही इथे 1975 च्या ज्या कायद्याने अपंग मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, त्याच्या आताच्या सुधारित रूपानुसार मदतनिसाने शिक्षकाच्या देखरेखीखालीच काम करायचे असते, आणि हे बंधन मला रास्त वाटते.

घोडे अडते ते पैशापाशी. पदवीची फी भरायची, वर सराव अध्यापनाचे कित्येक महिने बहुधा बिनपगारी काढायचे; त्यासाठी नोकरी सोडावी, तर तिच्याशी बांधलेला आरोग्य विमाही जातो. जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय श्रम खात्याने टेनेसीच्या शिक्षक-उमेदवारीच्या योजनेला मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेले हे पहिलेच राज्य. आरंभ क्लार्क्सव्हिलच्या शाळा आणि तिथले ऑस्टिन पी विद्यापीठ यांनी केला होता. बाबा, तुम्ही आयटीआयनंतर कारखान्यात अ‍ॅप्रेंटिसशिप केलीत, तसेच हे: पगार चालू, फीचा भार नाही आणि वर्गातले काम हेच प्रशिक्षण.

आई, यात पदवी स्वस्त होते की काय, ही तुझी शंका साहजिक आहे. पण अभ्यासक्रम आणि परवान्याच्या अटी कायम आहेत. मला खटकते ते वेगळेच. दिवसभर मुलांमागे धावून, घरचे सारे आवरून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या बाईजवळ कुणीतरी अनुभवी शिक्षकाने बसावे लागते, आणि त्या वेळेचा हिशेब कुणी धरत नाही. शिवाय माझ्या वर्गातल्या बाई उद्या शिक्षिका झाल्या की त्यांची मदतनिसाची जागा रिकामी होणार, आणि एवढ्याशा पगारावर तिथे कोण येणार, हे आमच्या मुख्याध्यापकांनाही सुचलेले नाही.

तुमची,
मीनू