फोटोतल्या त्या मगाबद्दल

म्युनिक, गुरुवार

तीर्थरूप आई, बाबा आणि आजी,
शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. आजीला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर ती माझ्याऐवजी स्वतःचाच चेहरा बघत बसते, म्हणून हा जुना मार्ग. दादाने वाचून दाखवावं. मधलं गाळू नये, मला कळेल.

आई, आधी तो फोटो. माझ्या रूममेटने स्टेटसला टाकला, मावशीने तुला दाखवला आणि रविवारी फोनवर तू फक्त "मजेत दिसतेस" एवढंच म्हणालीस. तुझं "एवढंच" मला चांगलं कळतं. तर त्या कानवाल्या मगात बीअर नव्हती, सफरचंदाचा रस आणि सोडा होता. इथे लहान मुलंसुद्धा तेच पितात. मग मोठा आहे कारण इथे सगळंच मोठ्या मगातून देतात. आणि फोटो शनिवारी संध्याकाळचा आहे. बाबांना ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणल्याचा दादाचा फोन मला सकाळीच आला होता. मधले सात-आठ तास कोणी मोजत नाही, फोटो तेवढा दिसतो.

फोटोत माझ्या शेजारी दिसतो तो मुलगा नागपूरचा. ट्रिपला गाडी त्यानेच चालवली. त्याचं लग्न ठरलंय, मुलगी अकोल्याची आहे, त्यामुळे मावशीला तिथेच थांबव. हे पत्र घेऊन येणारा तोच. त्याला पोहे दे, पगार विचारू नकोस.

बाबा, तुम्ही गाडीबद्दल विचारलंत. भाड्याची होती, विमा पूर्ण होता, पट्टे मागच्यांनीही लावले होते. आपलं लायसन्स इथे पहिले सहा महिनेच चालतं. नंतर लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, त्या त्याने दिल्यात. हायवेवर काही पट्ट्यांत वेगाला मर्यादाच नाही हे खरं आहे, पण 130 च्या आत राहा अशी सूचना असते आणि आम्ही 120 च्या वर गेलो नाही. रूममेटला विचारा, ती कंटाळून झोपली होती. आम्ही गेलो ते गार्मिश-पार्टेनकिर्शेन म्युनिकपासून जेमतेम नव्वद किलोमीटर, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वरपेक्षाही जवळ. गाव दोन नावांचं, कारण मुळात गावंच दोन. 1936 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी त्यांना एक करून टाकलं. अजूनही गार्मिशवाला स्वतःला पार्टेनकिर्शेनचा म्हणवून घेत नाही म्हणे. पेठेतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे हे डोंगरातलं गाव सातशे मीटरवर, महाबळेश्वरच्या साधारण निम्म्या उंचीवर. पण त्याच्या डोक्यावर त्सुगश्पिट्झे उभा आहे, 2962 मीटर, जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर. गावातून मान वर करून बघावं लागतं. घरांच्या भिंतींवर संतांची, शेतकऱ्यांची चित्रं रंगवलेली आहेत. आजीला आवडली असती. खिडक्यांतून लाल फुलं इतकी, की पाणी घालायला माणूस ठेवावा लागेल.

शनिवारी सकाळी सगळे केबल कारने वर गेले. मी गेले नाही. तिकीट सत्तर युरोच्या वर आहे, आणि उंचीवर माझ्या कानाला दडे बसतात ते तुम्हाला माहीत आहेच. खाली आइबझे नावाचं तळं आहे, तिथे बाकावर बसले. पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ की काठाजवळचे गोटे मोजता येतात. बाबा, ती केबल कार तुम्ही बघायला हवी होती. 2017 मध्ये नवीन केली, सगळ्या मार्गात एकच खांब, 127 मीटर उंच. खांबाजवळ आली की डबा किंचित डुलतो आणि पुढे सरकतो. मी तेच बघत होते. तुमचं ऑपरेशन आपल्याकडच्या एक वाजता, म्हणजे इथले साडेनऊ. साडेदहापर्यंत दादाचा फोन नाही. मोतीबिंदू म्हणजे किरकोळ, पंधरा मिनिटांचं काम, असं दादा म्हणाला होता, मग फोनला एवढा वेळ का? नंतर कळलं की दादा खाली औषधं घ्यायला रांगेत होता. असो. झालं ना नीट.

आता संध्याकाळचं, म्हणजे फोटोतलं ठिकाण. ते बिअरगार्टन. नाव ऐकून घाबरू नका, पूर्ण वाचा. चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब लाकडी बाकं असतात. प्यायचं तिथलंच विकत घ्यायचं, पण खायचं घरून आणलेलं चालतं! हो, चालतं. आपल्याकडे "बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत" ही पाटी मालक मेनूकार्डाच्या आधी लावतो. इथे लोक टोपली घेऊन येतात, तीतून चौकड्यांचं कापड काढून टेबलावर अंथरतात, सुऱ्या, मिठाची डबी, पाव, चीज, सगळं मांडतात, आणि कोणी हटकत नाही. एकच अट: ज्या टेबलांवर आधीच टेबलक्लॉथ घातलेला असतो तिथे वेटर येतो, तिथे आपला डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडाच्या टेबलावर बसायचं. मी दोनदा विचारून खात्री केली, तरी डबा काढताना हात मागे होत होता.

याचं कारणही विचारलं. पूर्वी उन्हाळ्यात बीअर बनवायला बंदी होती, भट्टीमुळे आगी लागत म्हणून. मार्चमध्ये बनवलेली बीअर तळघरात साठवत, आणि तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनट लावत. त्याच सावलीत बसून लोक पिऊ लागले. मग गावातले खानावळवाले राजाकडे गेले, की आमचं गिऱ्हाईक पळतंय. राजाने 1812 मध्ये तोडगा काढला: बीअर बनवणाऱ्यांनी बीअर विकावी, फार तर पाव द्यावा, बाकी जेवण विकायचं नाही. लोकांनी जेवण घरून आणायला सुरुवात केली. बंदी कधीच गेली, डबे राहिले. मला हा न्याय फार आवडला. खानावळवाल्याचं पोट भरलं की नाही कोण जाणे, पण दोनशे वर्षं लोकांना घरचं खाता आलं.

तर आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि तुझं मेतकूट काढलं. समोर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. इथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायचं असेल तर "ही जागा रिकामी आहे का" असं विचारतात आणि बसतात. आजोबांनी एक मोठा पांढरा मुळा काढला. सुरीने न तोडता गोल गोल कापत गेले, मुळा लांबवर ओढला तर स्प्रिंगसारखा उलगडला. त्यावर मीठ चोळून बाजूला ठेवला आणि पाणी सुटायची वाट बघत बसले. आजी, तू कोशिंबिरीला हेच करतेस, फक्त किसून. त्यांनी मुळा आमच्याकडे सरकवला, मी चटणी सरकवली. आजींनी चमचाभर नुसती तोंडात टाकली. पुढचा प्रसंग सांगत नाही. पण त्या हसल्या आणि दुसऱ्यांदा पावाला लावून घेतली.

रविवारी पार्टनाखक्लाम नावाच्या घळीतून चाललो. कड्यात कोरलेली वाट, वरून सतत पाणी. जॅकेट होतं, केस कोरडे केले, सर्दी झालेली नाही. पुढे काही विशेष नाही.

आता कामाचं.

या महिन्यात नेहमीपेक्षा थोडे कमी पाठवले आहेत, ट्रिपमुळे नाही. ट्रिपचा खर्च पाच जणांत वाटला गेला. डिसेंबरच्या तिकिटाचे पैसे आत्ताच भरले, आत्ता स्वस्त होतं म्हणून. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला बाबा, सही करायच्या आधी करारनामा दादाच्या वकील मित्राला दाखवा. वाढीव जागेचे जे काही पडतील त्यात माझा वाटा धरा, तोंड उघडून सांगा, मला परक्यासारखं वगळू नका.

तिकीट दादाच्या लग्नाचं आहे. म्हणजे दिवाळीला येत नाहीये. दोन्हीला रजा मिळत नाही, आणि वहिनीने पहिल्यांदा घरात पाऊल टाकताना मी नसले तर ती मला आयुष्यभर ऐकवेल. चकल्या करून ठेव, लग्नात खाईन. मऊ झाल्या तरी चालतील.

आत्याने सुचवलेल्या स्टुटगार्टच्या मुलाशी बोलले. दोनदा बोललो. बरा आहे, ऐकून घेतो. त्याला परत यायचं नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. मला हो किंवा नाही म्हणता आलं नाही. आत्याला दादाचं लग्न होईपर्यंत थांबायला सांगा.

आणि एक. माझी जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा झाली, पास झाले. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे माझ्यासारख्या नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांना, ती असली की 21 महिन्यांनी इथे कायम राहायच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मी केलाय. ऑफिसातले सगळेच करतात. अर्ज केला म्हणजे काही ठरवलं असं नाही, बाबा. परवाना मिळाला म्हणून कोणी परत यायला बंदी घालत नाही. फोनवर सांगणार होते, पण ऑपरेशन होतं म्हणून थांबले.

डोळ्याचे थेंब वेळेवर घाला, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावरून आंघोळ नको. आईने सांगितलं तर ऐकत नाही, म्हणून मी लिहितेय.

तुमची,
चिऊ

ता. क. सोबतच्या चॉकलेटांपैकी निळ्या वेष्टनातली साखर नसलेली आहेत, ती आजीची. बाकीची तिला दाखवूसुद्धा नका. आणि नागपूरकराबरोबर परत काही पाठवू नकोस आई, त्याच्या बॅगेत जागा नाही. मेतकूट तेवढं चालेल.