नकाशात ग्लास दिसले, द्राक्षं कुठेत?

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला पानभर 'महाराष्ट्राचा वाईन नकाशा' पाहिला. रंगीत आहे, झकास आहे, जिथे वायनरी तिथे लाल ग्लास काढलाय आणि गंगापूर धरणाकडे तर ग्लासांची एवढी गर्दी झालीये की खालचं धरणच गायब. चित्रकाराचं कौतुक. फक्त विंचूर येवला तालुक्यात कधी गेलं तेवढं कळवा, आमच्या तहसीलला अजून पत्ता नाही, तिथे ते निफाडमध्येच धरतात.

असो, घाईत होतं असं. पण मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. वाईन प्यायला कुठे जायचं हे तुम्ही दाखवलंय आणि वर मथळ्यात लिहिलंय 'उत्पादन'. टेस्टिंग रूम, जेवण, राहायची सोय, मुंबईहून किती तास लागतात, सगळं आहे. वाईनच्या द्राक्षांतलं शिराज कुठल्या गावात होतं, चेनिन ब्लाँ कुठे, कुठली वायनरी स्वतःच्या बागेतला माल क्रश करते आणि कुठली शेतकऱ्याकडून करारावर घेते, याचा एक ठिपका नाही. आणि नाव महाराष्ट्राचं देऊन नकाशा सिन्नरच्या घाटापाशी संपतो. अकलूजकडे फ्रातेली वायनरीच्या एवढ्या बागा आहेत, सांगलीत पलूसला वाईन पार्क काढला होता, ते बहुतेक कर्नाटकात धरले असतील तुम्ही. नारायणगावचंही नाव नाही. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली बाटली २००० साली आली, त्याच्या कितीतरी आधी ऐंशीच्या दशकात नारायणगावची फेसाळ वाईन परदेशात जात होती हो.

आता माझं सांगतो. २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पुढची काही वर्षं आमच्या भागात जो तो वाईनच्या द्राक्षाचं बोलत होता. मीही थॉमसन, म्हणजे खायचं द्राक्ष, काढून शिराज लावलं. एका वायनरीशी करार, भाव ठरलेला, कागदावर सही शिक्का. पहिले हंगाम नीट गेले, खोटं कशाला बोलू. त्यांचा माणूस यायचा, चार ओळींतून मणी घ्यायचा, साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रस पिळायचा आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २३ दिसली की म्हणायचा दादा परवा तोडणी धरा, मजूर सांगून ठेवा. मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, वाईन खपेना. हे सगळं मला पेपर वाचून नाही कळलं, 'टाक्या फुल आहेत, थोडं थांबा' या फोनवरून कळलं. थांबलो. माल झाडावर सुकायला लागला, मधमाश्या आल्या, साळुंक्या आल्या, वायनरीचा टेम्पो काही आला नाही. शेवटी आपणच क्रेट भरून पिंपळगावला नेले तर व्यापाऱ्याने एक मणी तोंडात टाकला आणि बाजूला थुंकला. बरोबर आहे त्याचं, वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, आत बिया, खायला कोण घेणार? बेदाण्यालाही चालत नाही. सगळा माल शेणखताच्या खड्ड्यात गेला. कराराचा कागद घेऊन वायनरीच्या गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला साहेब मीटिंगमध्ये आहेत. पुढच्या वर्षी जेसीबी लावून बाग काढली, तारा अन् अँगल तेवढे राहिले, त्यावर परत थॉमसन चढवलं.

मी एकटा नाही, त्या दोन-तीन वर्षांत निफाड दिंडोरीत कितीतरी जणांनी हेच केलं आणि वायनऱ्याही पटापट बंद पडल्या. त्या बंद वायनऱ्या, त्या काढलेल्या बागा तुमच्या नकाशात नको का? का त्याला ग्लास उपडा काढावा लागेल म्हणून नाही काढला? हल्ली कराराची बाग धरणारी पोरं मला विचारायला येतात, काका कोण पैसे वेळेवर देतं, कोण तोडणी लांबवतं. त्यांच्या हातात तुमचं पान दिलं तर त्यांना एवढंच कळेल की कुठल्या वायनरीत पिझ्झा चांगला मिळतो.

गंमत बघा, २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा कारण काय सांगितलं होतं, तर शेतकऱ्याचा फायदा. व्हॅटच्या २० टक्क्यांतले १६ टक्के वायनऱ्यांना परत द्यायचे, तेही शेतकऱ्याच्याच नावाने. भाषणात शेतकरी पहिल्या ओळीत, नकाशात कुठेच नाही. मला वाईनचं वावडं नाही, शिराजच्या दोन बाटल्या अजून कपाटात आहेत, पाहुणे आले की दाखवतो. चांगल्या वायनऱ्या आहेत, वेळेवर पैसे देणाऱ्याही आहेत, मग त्यांची नावं करारवाल्या गावांसकट छापा की, त्यांचीच जाहिरात होईल, तीही फुकट.

आणि विषय निघालाच आहे तर, आतल्या पानावरचे द्राक्षांचे बाजारभाव बंद का केलेत? ऐन सीझन चालू आहे. आधी रोज यायचे, मग दिवसाआड झाले, आता त्या जागी राशिभविष्य पसरलंय. फोन केला तर तुमच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या ॲपवर बघा. ॲप उघडलं, त्यात पहिलीच जाहिरात वाईन फेस्टिव्हलची, ती बंद करायचा फुलीचा बटणच सापडेना. भाव शेवटी शेजाऱ्याला विचारला.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड (येवला नव्हे)