दगडाला दोष देऊ नकोस

लातूर

प्रिय सुधीर,

आराखडा मिळाला. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या गावातल्या वाढलेल्या कुटुंबांसाठी वीस छोटी घरं, दोन खोल्या १० बाय १२ च्या, पुढे ओटा. मांडणी छान आहे. पण सगळं आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, कशाला? तिथल्या गवंड्याचा हात दगडावर बसलेला आहे, आणि जुन्या गावठाणात दगडांचे ढीग पडून आहेत. जुनी भिंत अडीच-तीन फूट जाड असायची, आपल्याला १५ इंच पुरते. म्हणजे पडलेल्या एका घराच्या दगडात दोन घरं सहज होतील.

"किल्लारीत माणसं दगडाखालीच गेली ना?" असं तू विचारलंस. गेली, खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, विसर्जन आटोपून गावं झोपलेली. जवळपास आठ हजार मृत्यू. भूकंप ६.२ चा, आणि हा पट्टा तेव्हा भूकंपाच्या नकाशात झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात निर्धास्त. (२००२ मध्ये तो झोन ३ मध्ये घेतला.) पण भिंत पडली कशी ते बघ. ती जाड भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती: बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोघींना सांधणारा एकही दगड नाही. हादरा बसला की मधली भर खाली दबते, पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते, भिंतीला पोट येतं आणि ती दोन्हीकडे फुटते. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागेवर उभा होता, भिंती तेवढ्या कोसळलेल्या.

वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वजन. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा, जुना कोणी काढायचं नाही. घनफूट मातीचं वजन साधारण ५० किलो. दोन फूट थर धरला तर १० बाय १२ च्या खोलीवर १२ टन झाले! तीच माती सहा इंचांवर आणली तर तीन टन. खाली किलचनावर (मातीखालच्या लाकडी फळ्यांवर) जाड प्लॅस्टिकचा कागद घातला की गळतीसाठी माती वाढवायचं कारणच उरत नाही. चार इंची स्लॅबचं वजनही जवळपास एवढंच भरतं, तेव्हा स्लॅबला मी वजनासाठी नाव ठेवत नाही. तो उन्हाळ्यात भाजून काढतो आणि गळायला लागला की घरच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही, ही माझी तक्रार. नुसते पत्रे घालायचे असतील तर एप्रिल-मे मध्ये एक दुपार त्याखाली बसून बघ.

आता भिंत. सगळ्यात महत्त्वाचा आरपार दगड, भिंतीच्या पूर्ण जाडीचा. उंचीत दर दोन फुटांवर, लांबीत दर चार फुटांवर एक. तुझ्या घराला ८० ते ८५ लागतील. एवढे लांब दगड ढिगात मिळणार नाहीत. जिथे नसेल तिथे ८ मिमीची, दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई आडवी टाकून भोवती काँक्रीट भर. गवंडी हमखास चुकतो ते इथेच: लांब, चांगल्या मोहऱ्याचा दगड हाती आला की तो भिंतीच्या लांबीत आडवा लावतो, कारण दिसायला छान दिसतो. उपाय साधा आहे. प्रत्येक आरपार दगडाच्या दोन्ही तोंडांना गेरूचा ठिपका लावायला सांग. संध्याकाळी आतून आणि बाहेरून ठिपके मोज, आकडा जुळला पाहिजे. कोपऱ्यात दीड-दोन फुटी दगड, एका थरात या भिंतीत तर पुढच्या थरात त्या. दिवसाला दोन फुटांहून उंच चढवू नको. माल १:६ सिमेंट-वाळू.

आता सगळ्या भिंतींवरून सलग फिरून घर बांधून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या. त्या दोन: एक दारा-खिडक्यांच्या माथ्यावर, एक छताखाली. भिंतीची एकूण लांबी २६ मीटर भरते. पट्टी ७५ मिमी जाड, १० मिमीच्या दोन सळया, दर १५० मिमीवर ६ मिमीची आडवी कडी. एका पट्टीला पाऊण घनमीटर काँक्रीट, सहा पोती सिमेंट, ५० किलोच्या आसपास लोखंड. तुझ्या कॉलम-बीमच्या हिशोबाशी ताडून बघ.

पट्टी बिघडते ती कोपऱ्यात. सळई तिथेच तोडून ठेवतात, मग चार सुट्या पट्ट्या होतात आणि घर एकत्र आवळलं जात नाही. सळई वळवून पुढच्या भिंतीत किमान ५० सेंमी न्यायची, जोड तिथून पुढे. आतली सळई आतल्या कोपऱ्यावर वळवायची नाही; ताण आला की ती सरळ व्हायला बघते आणि काँक्रीट फोडते. ती पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेऊन मग वळव.

कोपऱ्यातल्या उभ्या सळईसाठी गवंडी कुरकुर करतील. दोन फुटांचा, ७५ मिमी व्यासाचा पाइप सळईत ओवायचा, भोवती दगड रचायचे, पाइप अधूनमधून फिरवत राहायचा, नाहीतर अडकतो. थर झाला की वर ओढायचा आणि पोकळीत १:२:४ चं बारीक खडीचं काँक्रीट ठासायचं. दोन कोपरे झाले की हात बसतो.

काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्यावर पाणी टाकण्याचा प्रश्न तुझ्याकडे बिकट आहे. पट्ट्यांचं काम दिवाळीनंतर घे आणि ओली पोती दहा दिवस हलू देऊ नको.

आणि एक. सरकारने तेव्हा २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं जमिनीच्या मानाने वाटली. लोकांनी पुढे शेजारी गोठा, धान्याची खोली जोडली, पण पुन्हा मातीत रचलेल्या दगडांची, मूळ घराला न सांधता. तुझीही घरं वाढणारच. म्हणून मागच्या भिंतीत दोन्ही पट्ट्यांच्या सळया ५०-६० सेंमी बाहेर सोडून त्यांवर पातळ सिमेंटचा हात दे, गंजणार नाहीत. पुढची खोली कुठे येणार ते घरच्या बाईला आधी विचार, चूल आणि जनावरं कुठे ते तिलाच ठाऊक असतं.

पायाचं मुद्दाम लिहीत नाही. काळी माती किती खोल आहे त्यावर सगळं अवलंबून. मुरूम लागेपर्यंत चार ठिकाणी खड्डे घे आणि खोली कळव. खणलेली काळी माती पुन्हा पायाच्या बाजूला भरू देऊ नकोस, एवढं आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
विनायक