साक्षरता वर्ग टोळीबरोबर जाऊ द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उल्लास, म्हणजेच प्रौढांसाठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची मूल्यमापन चाचणी आपल्या राज्यात २०२४ साली १७ मार्चला झाली आणि २०२५ साली २३ मार्चला. नातवंडांचे बोट धरून पेपर द्यायला आलेल्या आजीबाईंचे फोटो पाहून मनापासून आनंद झाला. पण बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात मार्चमध्ये कितीतरी घरांना कुलूप असते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, त्या गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. ज्यांना अक्षरओळखीची सर्वांत जास्त निकड, तेच नेमके या दिवसांत गावात नसतात.

निकड कशी, ते सांगते. एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहूनही अधिक. ती त्याच्या वहीत लिहिली जाते, तोडलेल्या टनांवर फिटते. आजारपणाने खाडा पडला तर त्याचे पैसे वर चढतात. हंगामाच्या शेवटी मुकादम सांगेल तो आकडा खरा. बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच टोळीत जाणे आले. कोयत्यातले निम्मे काम बाईचे, पण वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. वही वाचता येत नाही म्हणून एखादे कुटुंब वर्षानुवर्षे अडकून राहते, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

टोळ्या गावात असतात त्या पावसाळ्यात मी बायांचा वर्ग घेते. स्वयंसेवकाला मानधन नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पुस्तकातल्या पहिल्या धड्यांना त्या कंटाळल्या होत्या. एक दिवस एकीने गेल्या हंगामातली वजनाची पावती आणली आणि सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. भरल्या गाडीचे वजन, त्यातून रिकाम्या गाडीचे वजा, उरला तो ऊस. ही वजाबाकी त्यांना चटकन जमली. अडले ते आकड्यांशी. पावतीवर इंग्रजी आकडे आणि आम्ही गिरवत होतो मराठी! मग फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहिले. त्या दिवसापासून मोबाइल, वीजबिल, बँकेचे पासबुक असे जे हाती लागेल ते वर्गात येऊ लागले.

दसरा उलटला की मात्र पाट्या कोपऱ्यात जातात. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, गेल्यावर पुस्तक कोण उघडणार?

माणसाच्या कामाची वेळ पाहून शाळा भरवणे महाराष्ट्राला नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा ते कामावर असत. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच आपल्या प्रौढांना शिकवायला उभी राहिली. युनेस्कोने १९७२ मध्ये तिचा गौरव केला. उल्लासमध्ये २०२२ ते २०२७ या पाच वर्षांत पाच कोटी लोकांना साक्षर करायचे आहे आणि त्यासाठी तरतूद आहे १,०३७.९० कोटी रुपयांची, म्हणजे माणशी जेमतेम दोनशे रुपये. एवढ्यात जे होईल ते गावकऱ्यांच्या भरवशावरच होईल. मग ते गावकरी जिथे असतात, तिथे वर्ग का नको?

बहुतेक टोळ्यांत दहावी-बारावी झालेला एखादा मुलगा किंवा सून असते. त्यांचीच स्वयंसेवक म्हणून नोंद करावी. कारखान्याच्या तळावर एक फळा आणि एक दिवा द्यावा. रोज वर्ग भरणार नाही हे मला ठाऊक आहे. पहाटे उठून भाकरी थापून फडात गेलेल्या बाईला संध्याकाळी डोळे उघडे ठेवणेही जड जाते, आणि गाडी रात्री आली तर रात्रीच भरावी लागते. पण कारखाना बंद पडतो, गाडी येत नाही, असे रिकामे दिवसही हंगामात येतात. तेवढे मिळाले तरी पावसाळ्यात शिकलेले पुसले जाणार नाही.

चाचणीही या लोकांसाठी मे-जूनमध्ये वेगळी घ्यावी. उत्तीर्ण झाले म्हणून वर्ग बंद करू नये, कारण वही वाचण्याइतकी तयारी व्हायला त्यापुढेही वेळ लागतो. शिवाय उचलीची लेखी नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे, दोघांच्या हाती मिळाली पाहिजे. नाहीतर वाचायला येऊनही वाचायला कागदच नसेल.

यंदाच्या टोळ्या निघण्याआधी शिक्षण संचालनालय (योजना) आणि साखर आयुक्तालय यांनी एकत्र बसून याचे नियोजन करावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक स्वयंसेविका, जि. बीड