फोटो छापता, पण बघणारा कुठे उभा असतो तेही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतलं प्रदर्शनांचं पान मी नेमाने वाचते, पण व्हिडिओ किंवा इन्स्टॉलेशन, म्हणजे अख्खी खोली वापरून मांडलेलं काम, असलं की एक फोटो, कलाकाराचं नाव, तारखा आणि 'आगळावेगळा अनुभव' एवढ्यावर विषय संपतो, मग लोक म्हणतात हे आपल्याला काही कळत नाही बुवा. कसं कळणार, फोटोत अर्धं काम येतच नाही!

चित्रकार नलिनी मलानींचं 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे व्हिडिओ इन्स्टॉलेशन घ्या. त्यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला, फाळणीनंतर कुटुंब इकडे आलं. मे १९९८ मध्ये भारत-पाकिस्तान दोघांनीही अणुचाचण्या केल्या, तेव्हा उर्दू लेखक मंटोच्या 'टोबा टेक सिंग' या फाळणीवरच्या कथेचा धागा धरून त्यांनी हे केलं आणि १९९९ ला ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लागलं, म्हणजे गॅलरीची पायरी कधी न चढणाऱ्यांनाही बघता आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक इकडची, एक तिकडची, दोघी मिळून एका साडीची घडी घालायला बघतायत, मधल्या मोठ्या भिंतीवर अणुस्फोट आणि खाली पत्र्याच्या उघड्या ट्रंका, त्यांच्यात मॉनिटर, त्यावर घरदार सोडून निघालेली माणसं.

आता साडीचं एक टोक या भिंतीवर आणि दुसरं त्या भिंतीवर, म्हणजे मधे कोण? आपण! एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे पाठ होते, ट्रंकेत बघायला वाकलं की स्फोट नजरेआड जातो. फ्रेममधल्या चित्रासमोर आपण निवांत बाहेर असतो, इथे कुणाकडे पाठ करायची ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि मग फाळणी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असं म्हणता येत नाही.

कलाकार शिल्पा गुप्तांचं तुरुंगात टाकलेल्या १०० कवींवरचं काम २०१८ च्या कोची बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात होतं, तिथेही तसंच. वरून लोंबणाऱ्या १०० माइकमधूनच आवाज येतात, खाली सळयांवर कवितांचे कागद खोचलेले, आणि आवाज कुठून आला ते शोधत माणूस त्या कागदांमधून फिरतो. मोबाइलच्या क्लिपमध्ये हे फिरणंच जातं.

म्हणून विनंती, अशा प्रदर्शनावर लिहाल तेव्हा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा व्हिडिओ, किती मिनिटांचा, आवाज कुठून येतो, आत शिरल्यावर पाठ कशाकडे होते, एवढं तरी लिहा, आणि लिहिणाऱ्याला तिथे पूर्ण लूप संपेपर्यंत थांबू द्या.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे